सत्तेचाळिसातला एक

कोल्डब्रुकची माणसं शब्द द्यायला महाचिक्कू. बैल विकायला काढला तरी "बैल चांगला आहे" म्हणणार नाहीत, "वाईट नाही" म्हणतील. पण एकदा शब्द दिला की दिला, मग आभाळ कोसळलं तरी बेहत्तर. असल्या गावात जोथम टिल्टननं जानेवारीच्या सभेत चारचौघांसमोर शब्द दिला, आणि फेब्रुवारीच्या अखेरीस बर्फातून घसरगाडी हाकत एक्झेटरहून परतताना तोच शब्द त्याच्या घशात माशाच्या काट्यासारखा अडकला होता.

जोथम पिंपं करायचा. सायडरची, मैद्याची, खारवलेल्या मांसाची, जी म्हणाल ती. माणूस मितभाषी, हात पक्का, म्हणून गावानं त्याला प्रतिनिधी नेमलं. फिलाडेल्फियात मोठमोठ्या लोकांनी दारं लावून एक नवी घटना लिहिली होती. तेरा राज्यांतल्या नऊंनी हो म्हटलं की ती लागू होणार होती. न्यू हॅम्पशायरनं हो म्हणायचं की नाही, हे एक्झेटरला ठरायचं होतं. कोल्डब्रुकनं आपल्यापुरतं ते आधीच ठरवून टाकलं होतं. जोथमच्या बायकोचा थोरला भाऊ झेडॉक लेव्हिट, त्यानं स्वतःच्या हातानं हुकूमपत्र लिहिलं: 'आमच्या प्रतिनिधीनं या घटनेच्या विरुद्ध मत द्यावं.' सभेनं हात वर केले, आणि जोथम म्हणाला, "दिला शब्द."

तेव्हा त्याला ते अवघड वाटलंच नाही. त्याचंही मत तेच होतं. राजा घालवायला आठ वर्षं लढलो, आता दूरच्या गावी दुसरा कशाला बसवायचा?

मग एक्झेटरला दहा दिवस तो बाकावर बसला. लोक भाषणं ठोकत होते, जोथम छापील कागद वाचत होता. पिंपाची फळी तपासावी तसा, एकेक कलम उजेडाकडे धरून. चौथ्या दिवशी त्याच्या ध्यानात आलं की हा कागद राजा बसवत नाही. हा कागद माणसांवर विश्वासच ठेवत नाही. कायदा करणाऱ्याचा हात राबवणाऱ्यानं धरलेला, राबवणाऱ्याचा कायदा करणाऱ्यानं, न्यायाधीश तिसरीकडे, आणि राज्यांची आपापली चूल शाबूत. ज्यानं लिहिलं त्याला माणसाची चांगलीच पारख होती, असं जोथमला वाटलं. आणि सध्याचं काय चाललं होतं? तेरा भाऊ, तेरा तऱ्हा. एक ना धड, भाराभर चिंध्या. हमरस्त्यानं मॅसॅच्युसेट्समध्ये पिंपं न्यावीत तर तिथं जोथम परका ठरायचा.

त्याच्यासारखे बरेच निघाले. मन एकीकडे, गावाचा हुकूम दुसरीकडे. घटनेच्या बाजूच्या लोकांनी हे ओळखलं, आणि मत घेतलंच नाही. सभा जूनपर्यंत पुढे ढकलली, आणि तीही कॉन्कर्डला. "घरी जा, गावाला विचारा, मोकळे होऊन या," असं सांगून सगळ्यांना वाटेला लावलं.

घरी आल्यावर जोथमनं बूट काढायच्या आधी बायकोला सांगितलं. मेहिटेबल चुलीवरचं बीन्सचं भांडं ढवळत होती. तिचा हात थांबला.

"म्हणजे तुमचं मत फिरलं?"

"फिरलं."

"आणि दादाला कोण सांगणार?"

"मीच सांगणार. दुसरं कोण?"

"अहो, दादाचा लेमुएल बेनिंग्टनच्या लढाईला गेला तो परत आला नाही. बारा वर्षांनी सांगा नाहीतर बावीस, दादा म्हणणार, माझा पोर कशासाठी मेला? त्याच्यापुढं हे कलम न् ते कलम वाचून दाखवणार आहात?"

"मग काय करू? मनात एक न् तोंडात एक ठेवून जेवायला बसू त्याच्या पंक्तीला?"

मेहिटेबल पुन्हा भांड्याकडे वळली. आणि जरा जोरातच ढवळायला लागली.

मार्चच्या दुसऱ्या मंगळवारी वार्षिक सभा भरली. सभाघर थंडगार. माणसांच्या तोंडातून वाफा निघत होत्या. कुंपणं, डुकरं, पुलाच्या फळ्या असे नेहमीचे विषय झाले आणि डीकन फिलब्रिक, म्हणजे चर्चचे कारभारी आणि सभेचे अध्यक्ष, म्हणाले, "आता जोथमचा अर्ज. त्याला हुकुमातून मोकळं करावं, असं त्याचं म्हणणं आहे. बोल बाबा."

जोथम उभा राहिला. भाषण करायची सवय नव्हती, म्हणून त्यानं आपल्या धंद्यातलंच सांगितलं. "पिंपाच्या फळ्या आपापल्या जागी चांगल्याच असतात," तो म्हणाला. "ओकची असो, ॲशची असो. पण कडं नसलं तर त्यात पाणी ठरत नाही. आपण तेरा फळ्या आहोत. मला वाटतं कडं हवं. तुम्ही मला नाही म्हणायला पाठवलंत, मी नाही म्हणेन. पण त्याआधी एकदा विचारतो, मला माझ्या अकलेनं मत देऊ द्याल का?"

झेडॉक भिंतीला टेकून बसला होता. तो सावकाश उठला. उंच, वाकलेला, हातात काठी.

"कडं ठीक आहे, दाजी," तो म्हणाला. दाजी म्हटलं की समजावं, बिनसलंय. एरवी तो नावानंच हाक मारायचा. "पण हातोडा कुणाच्या हातात? कडं फार ठोकलं की फळी फुटते, हे तूच मला शिकवलंस. फुटली तर कुणाकडं न्यायची? फिलाडेल्फियाला?"

लोक हसले. जोथमलाही हसू आलं, कारण मुद्दा बिनतोड होता.

"त्या कागदात आमच्या हक्कांची यादी कुठाय?" झेडॉकचा आवाज चढला. "माझ्या देवाला माझ्या पद्धतीनं भजायचं, माझी बंदूक माझ्या भिंतीवर ठेवायची, माझ्या दारात सैनिक बसवायचा नाही, हे कुठं लिहिलंय? चांगल्या माणसांवर भरवसा ठेवा म्हणतात. दुधानं तोंड पोळलंय माझं! आणि आणखी एक सांगतो. गोडीगुलाबीनं, जेवणावळी घालून, माणसं फोडून हे पास केलं, तर मी ते मानणार नाही. टेकडीवरची बावीस घरं मानणार नाहीत. शेजारच्या राज्यात शेतकऱ्यांनी बंदुका काढल्या होत्या, आठवतंय ना? आम्हीही काढू."

कोणी हसलं नाही. बावीस घरं म्हणजे निम्मं गाव. सगळ्यांना माहीत होतं, झेडॉक नुसता बोलणाऱ्यांतला नव्हता.

डीकननी मतं मागितली. चुरस असली की कोल्डब्रुकमध्ये हात वर करत नाहीत, सभाच दोन बाजूंना विभागतात. मोकळं करावं म्हणणारे खिडक्यांच्या बाजूला, नको म्हणणारे दाराच्या बाजूला. बूट घसटले, बाकं करकरली. बाप एकीकडे, लेक दुसरीकडे असंही झालं. डीकननी बोटानं मोजलं, पुन्हा मोजलं.

"चौतीस," ते म्हणाले. "आणि चौतीस."

सभाघरात कुजबूज झाली. अध्यक्ष मत देत नाही, हा गावचा रिवाज. मतं सारखी पडली तर ठराव पडतो, हाही रिवाज. पण मधल्या वाटेत एक माणूस अजून उभाच होता, आणि तो जोथम होता.

"जोथम," डीकन म्हणाले, "तू कुठल्या बाजूला?"

खिडक्यांच्या बाजूचे लोक हातानं बोलवायला लागले. "अरे ये की! चार पावलं टाक, झालं!"

झेडॉक दाराशी उभा होता. तो जोथमकडे नुसता बघत होता.

जोथमला ती चार पावलं दिसत होती. तो गावचा रहिवासी, कर भरणारा, मताचा हक्क त्याला होताच. कायद्यानं कोणी बोट दाखवू शकलं नसतं. पण त्याच्या डोक्यात एक्झेटरला वाचलेला तो कागद होता, आपल्याच खटल्यात कुणाला न्यायाधीश होऊ न देणारा. तो कागद मला आवडला म्हणतो, आणि पहिल्याच फटक्याला मीच माझा न्यायाधीश?

"मी या मतात नाही," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"दोर गावानं बांधलाय. गाठ गावानं सोडली तर सुटलो. मीच सोडली तर त्याला सुटणं म्हणत नाहीत, पळणं म्हणतात."

"अरे मूर्खा," खिडकीकडून कोणीतरी ओरडलं, "मग ठराव पडतो!"

"पडू दे," जोथम म्हणाला आणि खाली बसला.

बातमी त्याच्या आधी घरी पोचली. मेहिटेबल दारातच उभी.

"एक मत," ती म्हणाली. "एक मत हातात होतं आणि तुम्ही त्यावर बसून राहिलात. जगात असा शहाणा दुसरा नसेल."

"नसेल."

"आता काय, जूनमध्ये जाऊन नाही म्हणणार?"

"शब्द दिलाय."

"आणि मनातून हो?"

"मनातून हो."

तिनं त्याचा कोट घेतला, खुंटीला लावला, आणि पाठ फिरवून डोळे पुसले. राग होता की आणखी काही, हे तिचं तिलाच ठाऊक.

दुसऱ्या दिवशी झेडॉक जोथमच्या पिंपांच्या कारखान्यात आला. जोथम रंधा मारत होता.

"एक लहान पिंप हवंय," झेडॉक म्हणाला. "घट्ट. ओल अजिबात जाता कामा नये."

"कशाला?"

"बंदुकीची दारू ठेवायला."

जोथमचा रंधा थांबला. "दादा, करून देतो. पण त्या दारूनं कुणाला मारणार? माझ्या बाजूच्या चौतिसांना?"

"वेळ आली तर कुणालाही. काल तू मत दिलं नाहीस म्हणून मी हुरळणार नाही. कॉन्कर्डला गावाची नजर नसेल. तिथं कोणीतरी पाठीवर हात ठेवेल आणि तू विरघळशील. शिकलेली माणसं फार गोड बोलतात."

"पिंप जूनमध्ये तयार होईल," जोथम म्हणाला.

त्यानं ते केलंही, आणि चांगलं केलं. हिकरीच्या चिवट लाकडाची कडी, फळ्या अशा जुळवल्या की मधून केस जाणार नाही. वाईट काम त्याला येतच नव्हतं. कॉन्कर्डला निघाला तेव्हा पिंप फळीवर तयार होतं.

जूनमध्ये कॉन्कर्ड हिरवंगार होतं. तोवर आठ राज्यांनी हो म्हटलं होतं. नववं कोण, एवढाच प्रश्न उरला होता, आणि गावाबाहेर घोडेस्वार निरोप न्यायला तयार होऊन बसले होते. घटनेबरोबर बारा दुरुस्त्यांची मागणी पाठवायची असंही ठरलं. देवाधर्माची, बंदुकीची, दारातल्या सैनिकाची. जोथमनं ती बारा कलमं स्वतःसाठी उतरवून घेतली. झेडॉकनं सभेत जे जे म्हटलं होतं, त्यातलं बहुतेक त्यात होतं.

शनिवारी मत घ्यायची वेळ आली. सकाळी पोर्ट्समथकडचा एक वकील त्याच्याजवळ आला. चेहरा हसरा, कॉलर पांढरीशुभ्र. त्यानं जोथमच्या खांद्यावर हात ठेवला आणि जोथमला झेडॉकची आठवण झाली.

"टिल्टनसाहेब, तुमची अडचण मला कळते. मन आमच्याकडे, शब्द गावाकडे. एक सुचवू? इथं जवळच एका सज्जनाच्या घरी पानं मांडलीत. मेरिमॅक नदीतला ताजा साल्मन मासा आहे. तुम्ही जाऊन जेवा. मत होऊन जाईल. तुम्ही नाही म्हणालात असंही नाही, हो म्हणालात असंही नाही. शब्द मोडला नाही, मनही मोडलं नाही. साप मेला, काठीही शाबूत."

खोटं कशाला बोला, जोथमला मोह झाला. भूकही लागली होती. दोन बाकं सोडून बसलेला एक म्हातारा प्रतिनिधी खाली मान घालून बाहेर पडताना त्यानं पाहिला. त्याच्याही गावानं त्याला असंच बांधलेलं होतं. जोथमला त्याचा राग आला नाही. उलट हेवा वाटला.

"साहेब," तो म्हणाला, "गावानं मला जेवायला नाही पाठवलं."

"पण तुम्हाला हे पास व्हावंसं वाटतंय ना?"

"फार वाटतंय. म्हणूनच. माझ्या चोरीवर ते उभं राहिलं तर टेकडीवरचे लोक मानणार नाहीत, आणि त्यांचं चुकलं असं मला म्हणता येणार नाही."

वकिलानं खांद्यावरचा हात काढून घेतला.

चिटणिसानं एकेका गावाचं नाव पुकारायला सुरुवात केली. हो. नाही. हो. हो. नाही. देवा, हे पास होऊ दे, असं जोथम मनात म्हणत होता, आणि माझ्यामुळे पडू देऊ नको, असंही. मग आवाज आला, "कोल्डब्रुक. जोथम टिल्टन."

तो उभा राहिला. पुटपुटलं असतं तरी चाललं असतं. पुष्कळ जण पुटपुटत होते. पण कोल्डब्रुकच्या चौतीस अधिक चौतीस माणसांचा आवाज होता तो. तो खणखणीत म्हणाला, "नाही."

नंतर मोजणी. सत्तावन्न हो, सत्तेचाळीस नाही. चार जागा रिकाम्या होत्या. क्षणभर कुणालाच काही कळलं नाही, मग एकच गलका झाला. घंटा वाजायला लागल्या, घोडेस्वार सुटले. नववं राज्य! जोथम हरलेल्यांच्या बाकावर बसला होता आणि त्याच्या गालांवरून आसवं ओघळत होती. आनंद झाला होता, नुसता आनंद. शेजारच्या हरलेल्या माणसानं त्याचा खांदा थोपटला आणि म्हणाला, "असू दे भाऊ, वाईट वाटून घेऊ नकोस." जोथमला इतकी लाज वाटली की सोय नाही.

तो सोमवारी घरी पोचला. कारखान्याच्या दारात झेडॉक बसला होता. भिंतीला लागून त्याची बंदूक उभी होती. आत मेहिटेबल काहीतरी झाडल्याचं सोंग करत होती. झाडण्यासारखं तिथं काही उरलं नव्हतं.

"बातमी आलीय," झेडॉक म्हणाला. "हरलो."

"हरलो."

"दहानं."

"दहानं."

"चार जण जेवायला गेले म्हणे."

"गेले."

झेडॉकनं काठी जमिनीवर टेकवली. "मी टेकडीवर सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, आमचा दाजी त्या जेवणाऱ्यांत असणार. छातीठोक सांगितलं होतं. तुला बोलावलं नव्हतं?"

"बोलावलं होतं. साल्मन होता."

"मग?"

"मी सत्तेचाळिसात आहे, दादा. कागदावर नाव आहे. वाचून घ्या हवं तर."

झेडॉकनं मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. आत झाडू थांबला.

"मोठ्यानं म्हणालास?"

"मोठ्यानं."

"आणि मनात काय होतं?"

जोथमनं टोपी काढली. "खोटं नाही बोलत. मोजणी ऐकली आणि मला आनंद झाला. रडलो आनंदानं. शिव्या द्यायच्या तर द्या."

"ते तुझ्या थोबाडावर दिसतंयच," झेडॉक म्हणाला. "शिव्या कशाला देऊ? हुकूमपत्र मी लिहिलं होतं. त्यात आनंद करू नये असं लिहायचं राहून गेलं."

मेहिटेबल आत फिसकन हसली आणि लगेच गप्प झाली. जोथमनं खिशातून बारा मागण्यांचा कागद काढून झेडॉकच्या हातात दिला. झेडॉकनं तो लांब धरून, ओठ हलवत, सगळा वाचला. बंदुकीच्या कलमावर बोट ठेवलं, देवाच्या कलमावर ठेवलं.

"हे देतील?"

"ठाऊक नाही. मागितलंय. नाही दिलं तर दुसरी माणसं निवडून पाठवायची, पुन्हा मागायचं."

"आणि पुन्हा हरलो तर?"

"तर पुन्हा."

झेडॉकनं कागदाची घडी केली. मग तो उठला, कारखान्यात शिरला, फळीवरचं लहान पिंप खाली उतरवलं. बोटांनी ठोकून पाहिलं, जोडावरून नख फिरवलं. कुठंही अडकलं नाही. लेमुएल लहान असताना याच कारखान्यातल्या भुशात खेळायचा, ते जोथमला एकदम आठवलं. बहुधा झेडॉकलाही आठवलं असावं, कारण तो पिंपाकडे बघत नुसता उभा राहिला.

"मार्चमध्ये ती चार पावलं तू टाकली असतीस, तर आज मी हे भरून नेलं असतं," तो म्हणाला. "टेकडीवरची माणसं खाली पुलाशी थांबलीत. मी काय सांगतो त्याची वाट बघतायत."

"काय सांगणार, दादा?" मेहिटेबलनं दारातून विचारलं.

"सांगणार काय! हा गडी स्वतःच्या मनाविरुद्ध आपलं मत तिथवर घेऊन गेला. मोठ्यानं बोलला. मग माझ्या मनाविरुद्ध त्यांचं मत मानताना माझ्या जिभेला काय काटे येणार आहेत?" त्यानं पिंप बहिणीच्या हातात दिलं. "हे तू ठेव, हिट्टी. काकड्या खारवायला घाल यात. थोडं बडीशेपेचं बी टाक, आई टाकायची तसं."

मग भिंतीजवळची बंदूक त्यानं उचलली, काठीसारखी खांद्यावर टाकली आणि पुलाकडे चालू लागला. दहा पावलं गेल्यावर मागं वळला.

"जोथम," तो म्हणाला, "रविवारी जेवायला ये. साल्मन नाही. बीन्स आहेत."